नरसिंगचा टॅब

माझं दुकान फोटो फ्रेमचं, औशाच्या बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. नाव बसलिंगप्पा, पण अख्खा रस्ता अप्पा म्हणतो, आणि अप्पा चिडका आहे असंही म्हणतो. चिडू नको तर काय करू? जिवंत माणसाचा फोटो फ्रेम करायला आता कुणी येत नाही. जिवंत माणसं सगळी मोबाईलमध्ये गेली. माझ्याकडं येतात ती गेलेली. त्यांचे फोटोसुद्धा लोक मोबाईलमध्येच आणतात, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून डोकं तेवढं कापून काढा म्हणतात, आणि वरून सांगतात, अप्पा, चेहरा जरा हसरा करा. अरे बाबा, हसरा चेहरा पाहिजे होता तर तो होता तेव्हा हसवायचं की.

तर माझ्या शेजारच्या गाळ्यात ज्योत्स्ना बसते. मोबाईल, टॅब, लॅपटॉप, जे काय बंद पडेल ते दुरुस्त करते. आमच्या दोघांच्या मध्ये भिंत नाही, नुसती प्लायवूडची फळी आहे. त्या फळीला माझ्या बाजूनं फ्रेमा टांगलेल्या असतात आणि तिच्या बाजूनं तिचं टेबल लागून आहे. तिनं स्क्रू पाडला तरी मला ऐकू येतं. मी खोकलो तर ती पलीकडून ओरडते, अप्पा, विडी बंद करा.

ती मूळची रेणापूरची. वडील आनंदराज पोस्टमन होते, आई महामाया अंगणवाडीत. नांदेडला जाऊन ती हे काम शिकली आणि तिथंच एका दुकानात लागली. त्या मालकानं तिला पडद्यामागं बसवलं होतं. गिऱ्हाईकाला सांगायचा, आमचा कारागीर आत आहे, एक नंबर माणूस आहे. काम हिचं आणि नाव कुणा न दिसणाऱ्या माणसाचं. एक दिवस हिनं पडदा सारला, दुरुस्त केलेला फोन स्वतःच्या हातानं गिऱ्हाईकासमोर ठेवला आणि म्हणाली, कारागीर मीच आहे. त्या दिवशीच नोकरी सुटली. मग मावशीच्या आधारानं औशाला आली आणि माझ्या डोक्याशी बसली. सुरुवातीला लोक दुकानात डोकावून मला विचारायचे, मालक कुठं गेला हो? मी इकडून ओरडायचो, ती बसलीय तोच मालक आहे, डोळे आहेत का बटणं?

स्वभावानं माझ्याहून वाईट. बोलणं कमी, आणि बोलली तर खरं, त्यामुळं लागतं. दुकानाला लिंबू-मिरची नाही, सकाळी अगरबत्ती नाही, अमावास्या-पौर्णिमा काही नाही. लॅपटॉपच्या मागं बुद्धाचा एक छोटा फोटो आहे, तोही माझ्याच फ्रेमचा. तिची आई वारली तेव्हा त्याच आठवड्यात हिनं आईचा फोन पुसून नवा केला आणि मावशीच्या मुलीला देऊन टाकला. मला फार राग आला होता. म्हणालो, अगं, निदान वर्ष तरी होऊ द्यायचं. तर शांतपणे म्हणाली, "अप्पा, आई काय फोनमध्ये राहत नव्हती." मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.

तिची एक रीत मात्र मला पटलेली आहे. टॅब किंवा फोन पार बिघडला की त्याची सगळी सिस्टीम काढून नवी टाकावी लागते. तसं केलं की आतलं सगळं पुसलं जातं, फोटो, आवाज, सगळं. हे ती गिऱ्हाईकाला आधी सांगते, आणि पुसायचं शेवटचं बटण स्वतः दाबत नाही. ज्याची वस्तू त्याचं बोट. लोक चिडतात, म्हणतात तुम्हीच करा की. ती हात मागं घेऊन बसते. तिचं म्हणणं, नंतर रडत येणारे लोक फार, निदान आपल्या हातानं केलं एवढं तरी त्यांना आठवावं.

आता नरसिंगचं सांगतो. नरसिंग किल्लारीचा. किल्लारी ते औसा ते लातूर अशी जीप चालवायचा. तिशी ओलांडलेला, अंगानं भरलेला, नेहमी तोंडात पान. सीटखाली एक टॅब असायचा. सीट भरेपर्यंत त्यात डोकं घालून बसायचा, कुणी जवळ गेलं की पालथा घालायचा. एक दिवस इथंच स्टँडवर जीप उभी केली, चहा सांगितला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. लोकांना वाटलं डुलकी लागली. चहा गार झाला तरी उठला नाही म्हणून पोऱ्यानं हलवलं, तर काय राहिलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, सिंधूनं, फोटो फ्रेमला माझ्याकडंच टाकला. हसरा करा म्हणाली नाही, तेवढ्यानंच मला तिच्याबद्दल बरं वाटलं.

फ्रेम न्यायला ती आली तेव्हा सोबत सासू होती, नागुबाई. आणि सासूच्या काखेत, लुगड्याच्या पदरात गुंडाळलेला तो टॅब. सिंधूनं हळूच विचारलं, शेजारच्या बाई हे दुरुस्त करतात का? मी त्यांना ज्योत्स्नाकडं घेऊन गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं, तरी थांबलो. म्हातारीची मान अशी खाली होती की मला तिला एकटं सोडवेना.

ज्योत्स्नानं पदर उलगडला. टॅब काळा होता. मग आपोआप पेटला. कंपनीची पांढरी खूण आली, सगळा टॅब घुर्रकन थरथरला, आणि विझला. थोडा वेळ काळा. परत पेटला, थरथरला, विझला. कुणी हात लावलेला नव्हता. ज्योत्स्नाला हे नवीन नाही, सिस्टीम बिघडली की असं होतं, सुरू व्हायच्या आतच पडतं आणि परत उठायला बघतं. तिनं तसं सांगितलंही. पण नागुबाईनं ऐकलं नाही. टॅब पेटला की ती म्हणायची, "आला." विझला की म्हणायची, "गेला." आवाज अगदी साधा, दारात पाहुणा आल्याचं सांगावं तसा.

सिंधूनं मग हलक्या आवाजात सगळं सांगितलं. नरसिंग गेला त्याच्या आधी थोडे दिवस हे बिघडलं होतं. तो गेल्यापासून म्हातारी याच्यासमोर बसून आहे. जेवत नाही. समोर ताट ठेवलं तर एक घास मोडते आणि तिकडं बघते. दिवे गेले तर शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवर चार्जिंग करून आणते, बॅटरी उतरू देत नाही. डॉक्टरांनी सलाईन लावलं तर त्या हातानंही टॅब धरून होती. असंच चाललं तर म्हातारी पण जाईल, हे सिंधूनं स्पष्ट सांगितलं नाही, पण तिच्या तोंडावर होतं. हे एकदाचं सुरू तरी व्हावं नाहीतर बंद तरी व्हावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

ज्योत्स्ना म्हणाली, सोपं आहे, सगळं पुसून नवी सिस्टीम टाकते. तसं सिंधूनं सासूकडं बघितलं. म्हणाली, पुसता येत नाही. कावळ्याला शब्द दिलाय.

आमच्यात माणूस पुरतात, त्यामुळं कावळ्याचं हे प्रकरण माझ्या घरी नाही. ज्योत्स्नाच्या घरी तर नाहीच नाही. पण मराठी मुलखात राहून ते माहीत नाही असं कसं होईल? दहाव्या दिवशी नदीवर भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्यानं शिवायची वाट बघतात. शिवला तर गेलेल्याचं मन शांत. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागं राहिली. मग घरातले एकेक जण पुढं येऊन हात जोडून शब्द देतात, तुझं हे करू, तुझं ते करू. ज्या शब्दाला कावळा खाली उतरेल ती त्याची इच्छा, आणि तो शब्द मोडायचा नाही.

तेरणेच्या काठावर नरसिंगचा पिंड ठेवला तर कावळे झाडावर बसून राहिले. चुलत भावानं बांधाचं भांडण मिटवतो म्हणून शब्द दिला. चुलत्यानं त्याच्या पोरीच्या शिक्षणाचं बघतो म्हणून सांगितलं. एक कावळा हलला नाही. ऊन वर आलं, बाया रडायला लागल्या. शेवटी सिंधू पुढं झाली आणि मोठ्यानं म्हणाली, तुमच्या टॅबातलं काही पुसणार नाही. आणि कावळा उतरला. सगळ्या गावानं ऐकलं, सगळ्या गावानं बघितलं.

ज्योत्स्नानं हे सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ही काहीतरी तिखट बोलणार. पण ती म्हणाली, एक रीत आहे, आतलं न पुसता वरच्या वर नवी सिस्टीम बसवायची. बसली तर बसली, नाही तर नाही. लॅपटॉपवर आधी या मॉडेलची सिस्टीम उतरवून घ्यावी लागेल, इथलं नेट म्हणजे बैलगाडी, उद्या दुपारी या. नागुबाई टॅब सोडेना. ज्योत्स्ना टेबलाच्या या बाजूला आली, तिच्यासमोर पायावर बसली आणि मावशी, दुरुस्त होईल, असं म्हणाली. तेव्हा म्हातारीनं तो दिला. पण जाताना सांगितलं, चार्जिंग काढू नको पोरी. ज्योत्स्ना हो म्हणाली.

दारात मी तिला विचारलं, मावशी, एवढं जिवाला लावून घेऊन कसं चालेल? तिनं मला सांगितलं ते मी विसरणार नाही. भूकंपाच्या वेळी नरसिंग अंगणात खेळायच्या वयाचा होता. घर पडलं, नवरा गेला, सासू गेली, आणि पोरगं दगडाखाली. लोक म्हणाले चल, इथं काही राहिलं नाही. ती उठली नाही. एका जागी बसून त्याला हाका मारत राहिली. मधेच आतून आवाज यायचा, मधेच बंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी जवानांनी दगड काढले तर पोरगं जिवंत.

"तव्हा बी समदे म्हणले, गेला तुझा पोरगा. म्या उठले न्हाई. अन् आला की त्यो."

माझ्या हातात त्याच पोराचा फोटो होता, काच पुसून, हार घालायला खिळा ठोकून.

त्या दोघी जीपनं गेल्या. ज्योत्स्नानं टॅब टेबलाच्या खणात ठेवला, आणि चार्जर लावला नाही. मला म्हणाली, आज उद्यात बॅटरी उतरेल आणि आपोआप गप्प होईल, तोवर सिस्टीम उतरते. मी म्हणालो, तू म्हातारीला हो म्हणालीस. ती म्हणाली, वायरीनं माणूस जगत असता तर दवाखाने कशाला काढले असते. हे असं असतं तिचं बोलणं.

पण बॅटरी उतरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तर फळीतून घुर्र ऐकू आलं. खण बंद होता, तरी त्या थरथरीनं टेबल हलायचं, टेबलानं फळी, आणि फळीवरच्या माझ्या फ्रेमांच्या काचा किणकिण वाजायच्या. सगळे गेलेले लोक आहेत त्या फ्रेमांत. कुणी फेटा घातलेला, कुणी शाळेच्या गणवेशात. घुर्र झालं की सगळ्यांच्या काचा एकदम वाजायच्या आणि मग शांत. मी इतकी वर्षं त्यांच्यात बसून डबा खाल्लाय, कधी भीती वाटली नाही. त्या दिवशी मी स्टूल उचलून बाहेर रस्त्यावर बसलो. चिडलो होतो असं दाखवलं, पण खरं सांगतो, माझी फाटली होती.

दुपार व्हायच्या आत मी ज्योत्स्नाकडं गेलो तेव्हा ती टॅब समोर ठेवून बसली होती. इतका वेळ बिनचार्जिंगचा टिकायचा नाही, असं तीच म्हणाली. मग हा कसा टिकला, विचारलं तर बॅटरी चांगली असेल म्हणाली, पण माझ्याकडं न बघता. सिस्टीम अजून पुरती उतरली नव्हती. तिनं सिंधूला फोन लावला, आज निघू नका, उद्याच या, मला जरा वेळ लागेल, असं सांगायला. फोन स्पीकरवर होता. सिंधू बोलत होती आणि मागं घरात म्हातारीचा आवाज येत होता.

"आला."

आमच्यासमोर टॅब पेटला.

"गेला."

टॅब विझला. ज्योत्स्नाचं बोलणं अर्धवट राहिलं. सिंधू तिकडून हॅलो हॅलो करत होती. ज्योत्स्नानं तिला विचारलं, तुमच्या सासूबाई काय करत आहेत? सिंधू म्हणाली, काय करणार, टॅब तर तुमच्याकडं आहे, त्या रिकाम्या भिंतीकडं तोंड करून बसल्यात आणि तेच चाललंय सकाळपासून. तेवढ्यात परत म्हातारीनं आला म्हटलं आणि परत आमच्यासमोर ती पांढरी खूण पेटली. आवाज आधी आला, उजेड नंतर. मी औशात, ती किल्लारीत.

ज्योत्स्नानं फोन ठेवला. मग म्हणाली, इतके दिवस बघून बघून मावशींच्या अंगात त्याचा ताल बसलाय, जात्यावर बसणाऱ्या बाईला बसतो तसा. मी म्हणालो, असेल बाई. तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि मग खणातून चार्जरची वायर काढून गुपचूप टॅबला लावली. मी बघितलं. काही बोललो नाही, आणि माझ्या स्वभावाला ते किती अवघड आहे ते माझं मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी आल्या तेव्हा तिनं सगळं तयार ठेवलं होतं. लॅपटॉप, वायर, टॅब. नागुबाई आणखी वाळली होती. मी तिला माझी खुर्ची आणून दिली आणि स्वतः दारात उभा राहिलो. ज्योत्स्नानं एकदा परत सांगितलं की आतलं काही न पुसता करून बघते, पण खात्री देत नाही. सिंधूनं मान हलवली. तिचा चेहरा मला काही बरोबर दिसेना. मला वाटलं, रात्रभर झोपली नसेल.

लॅपटॉपवर एक पट्टी हळूहळू भरत गेली. टॅब पहिल्यांदाच स्थिर होता, ना पेटत होता ना विझत होता. बाहेर लातूरची गाडी लागली, कंडक्टर ओरडला, गाडी गेली. पट्टी भरली. ज्योत्स्नानं वायर काढली आणि बटण दाबून धरलं. पांढरी खूण आली. म्हातारी म्हणाली, आला. आम्ही सगळे विझायची वाट बघत होतो. विझला नाही. खूण गेली आणि रंगीत उजेड आला. नरसिंगच्या जीपचा फोटो होता, बॉनेटवर दसऱ्याचा झेंडूचा हार. वर तारीख-वेळ आणि खाली आकडे, कुलूप उघडायला.

ज्योत्स्नानं एक श्वास सोडला. एवढ्या वर्षांत तिला काम झाल्यावर हसताना मी पहिल्यांदा बघितलं. ती म्हणाली, सगळं आत आहे, जसंच्या तसं, फक्त हा नंबर पाहिजे, तो नसेल तर माझ्या हातात काही नाही. मग सिंधूला विचारलं. सिंधू घाईनं म्हणाली, मला माहीत नाही, त्यांनी कधी सांगितलाच नाही.

"मला ठावं हाय," नागुबाई म्हणाली. "आकडं येत न्हाईत मला. पण त्यो माझ्याम्होरंच बसून दाबायचा. बोट कुठं कुठं जायचं ते ठावं हाय."

तिनं टॅब मांडीवर ओढला. डावा हात नरसिंगच्या जीपवर ठेवला, उजव्या हाताचं बोट पुढं केलं. एक आकडा दाबला. आणि सिंधूनं तिचं मनगट धरलं.

"आत्याबाई, दाबू नका."

म्हातारीनं वर बघितलं. सिंधू रडत नव्हती. मनगट तिनं सोडलं नाही. तिनं जे सांगितलं ते सासूला सांगितलं, पण आम्ही दोघं तिथंच होतो, तिला आमचं भान नव्हतं.

टॅब बिघडला त्या दिवशी नरसिंग घाबरला होता. जेवला नाही. तिनं म्हटलं औशाला दुरुस्तीला टाकते, तर अंगावर आला. नंतर पाया पडायच्या बेताला येऊन म्हणाला, कुणाच्या हातात देऊ नकोस, माझं मी बघतो. आत काय होतं ते तिला माहीत नाही. तिनं विचारलं नाही आणि तिला आता जाणूनही घ्यायचं नाही. दहाव्याला नदीवर ती मोठ्यानं म्हणाली की टॅबातलं काही पुसणार नाही. सगळ्यांनी ते ऐकलं.

"तव्हा न्हाई उतरला कावळा," सिंधू म्हणाली. "समद्यांना वाटलं त्या बोलण्यानं उतरला. म्या डोळे मिटले अन् मनात म्हणलं, समदं पुसून टाकते, कुणाला बगू देत न्हाई, जावा तुमी. तव्हा उतरला, आत्याबाई. तव्हा."

हे ती इतके दिवस पोटात घेऊन होती. सासू त्या टॅबापुढं उपाशी बसलेली बघत होती, गावाला दिलेला शब्द एक आणि नवऱ्याला दिलेला दुसरा, आणि कुठला मोडायचा ते कळत नव्हतं. दुरुस्तीला आणलं तेही या आशेनं की ज्योत्स्ना म्हणेल, नाही जमत, पुसावंच लागेल. ज्योत्स्नाला जमलं, हीच तिची पंचाईत झाली होती.

नागुबाईनं मनगट सोडवून घेतलं नाही. टॅबावरचा उजेड मंद झाला आणि स्क्रीन काळी पडली. ज्योत्स्नाचा हात पुढं झाला होता, तो तिनं मागं घेतला. म्हातारी त्या काळ्या काचेकडं बघत होती. काचेत तिचंच तोंड दिसत असणार.

"मंग त्यो येत न्हवता," ती म्हणाली.

सिंधूनं तिचं मनगट सोडलं.

"तव्हा दगडाखालून येत हुता. आता जातोय. जायला धडपडतोय माझा लेक, अन् म्या रोज चार्जिंग लावतेय."

मी रस्त्याकडं तोंड केलं. ज्योत्स्ना टेबलावरच्या चार्जरच्या वायरीकडं बघत होती. काल ती तिनंच लावली होती.

मग म्हातारीनं विचारलं, पुसायचं बटण कोणतं? आणि ज्योत्स्ना, जिनं आईचा फोन आठवड्यात पुसला, ती पहिल्यांदा कुणाला तरी अडवायला लागली. म्हणाली, मावशी, आता चालू झालाय तो. तुम्हाला नंबर येतो. फोटो असतील, आवाज असेल त्यांचा. एकदा पुसलं की मी काय, कुणीच परत आणू शकणार नाही. नुसता बंद करून कपाटात ठेवा. उद्या ठरवा, परवा ठरवा.

नागुबाई म्हणाली, "कपाटात कोंडू व्हय त्याला?"

ज्योत्स्नानं मग टॅब बंद केला. बाजूची बटणं एकदम दाबून धरून तो दुसऱ्या तऱ्हेनं चालू केला. काळ्या पडद्यावर बारीक ओळी आल्या. ती एकेक ओळ खाली उतरत गेली आणि पाहिजे त्या ओळीवर थांबली. म्हातारीचा अंगठा धरून तिनं कडेच्या बटणावर टेकवला आणि आपला हात काढून घेतला. एवढंच म्हणाली, आता तुम्ही दाबलं की होईल.

नागुबाईनं लगेच दाबलं नाही. तिनं सिंधूकडं बघितलं आणि विचारलं, त्यानं जीव लावला होता ना गं तुला? सिंधू म्हणाली, हो. म्हातारीनं बरं म्हणून मान हलवली, आणि दाबलं.

फार वेळ लागला नाही. मला वाटायचं एखादं माणूस पुसायला वेळ लागत असेल. ज्योत्स्नानं परत लॅपटॉप जोडला आणि पहिल्यापासून सगळी सिस्टीम नव्यानं टाकली. आम्ही चौघं ते बघत होतो. टॅब चालू झाला तेव्हा जीप नव्हती, हार नव्हता. मोठ्या अक्षरात नमस्कार आला आणि भाषा कोणती ते विचारलं. ज्योत्स्नानं मराठी केली. मग नाव विचारलं, हा टॅब कुणाचा. तिनं नागुबाईकडं बघितलं आणि विचारलं, मावशी, कुणाचं नाव टाकू?

"कुणाचं बी नगं," नागुबाई म्हणाली. "आजच्या दिस रिकामं ऱ्हाऊ दी."

ज्योत्स्नानं तो बंद केला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. किल्लारीची जीप लागायला अजून अवकाश होता. म्हातारीनं सिंधूचा हात धरला, मी दारातून आत येऊन स्टुलावर बसलो, आणि आम्ही सगळे त्या काळ्या काचेकडं बघत राहिलो. जीपवाल्यानं बाहेरून हॉर्न मारला, तोवर तो पेटला नव्हता.